सोळातली एक मात्रा

फाल्गुन सरत आला की आमच्याकडे राब पेटतात. तोडलेल्या फांद्या, शेण, पाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि एका कोपऱ्याला लावलेली काडी. पुढे जिथे भाताची रोपं करायची तो तुकडा असा भाजून काढायचा. हा धूर वर जात नाही. तो जमिनीवरून सरपटत येतो, अंगणात बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो. बाकीच्यांना त्याने खोकला येतो. माझ्या उजव्या हाताची बोटं हलायला लागतात. मी हलवत नाही, ती हलतात. खाटेच्या कडेवर, मांडीवर, जेवताना ताटाच्या काठावर. सून म्हणते, "आबा, ताट वाजवू नका हो." मी हात मांडीखाली दाबून धरतो. तो तिथेही वाजत राहतो.

यंदा धुराबरोबर घरात एक कागदही आला. माझी नात दीपाली विद्यापीठात गाण्याची पदवी करते. परीक्षेआधीच्या सुट्टीत ती घरी आली आणि पाण्याच्या माठावरच्या भिंतीला तिने तो कागद डकवला. वर जाड अक्षरांत लिहिलं आहे, 'पदवीच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षित कौशल्ये'. मी पाणी प्यायला जातो आणि दर खेपेला एक ओळ वाचतो. मला वाचायला वेळ लागतो. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तीही पुरती नाही. पण एकदा वाचलेलं मी विसरत नाही, ही गोष्ट शिकलेल्यांना जमत नाही असं मी पाहिलं आहे.

स्वतंत्र मैफल करता आली पाहिजे. वाद्य स्वरात लावता आलं पाहिजे. ऐकलेलं लिहिता आणि लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. नवख्याला शिकवता आलं पाहिजे. हे सगळं मला पाठ होतं. पन्नास वर्षांत परीक्षा घेणाऱ्यांना काही नवीन सुचलेलं दिसत नाही, असं मनात म्हणत मी चौथ्या दिवशी शेवटच्या ओळीपाशी आलो. तिथे लिहिलं होतं, सोबतच्या कलाकाराकडे कान ठेवून, त्या क्षणी त्याच्याशी जुळवून घेता आलं पाहिजे.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग तांब्या माठावर तसाच ठेवून मागच्या पडवीत जाऊन बसलो. ज्या गोष्टीसाठी मला नापास केलं, तिलाच आता गुण ठेवले होते.

कर्जतच्या बाजारात इस्माईल मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. मास्तर ते तबल्याचे. शिवणकामासाठी लोक त्यांना नुसतं टेलर म्हणायचे. तरुणपणी मुंबईत एका उस्तादांकडे आठ वर्षं राहून आले होते आणि गळ्यात माप घ्यायची फीत टाकून दुकानात उभे राहायचे तेव्हाही त्यांची बोटं फितीवर चालत असायची. लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर मिळे. लोकांकडे शिवायला कापड नाही आणि मास्तरांकडे काम नाही. त्या रिकामपणात आमच्या गावचं भजन बाजारातल्या देवळात आलं. समोरच्या दुकानात बसून मास्तरांनी माझा पखवाज ऐकला आणि भजन संपल्यावर माझ्या चुलत्यांना म्हणाले, "बुवा, ह्याचा हात मला द्या. बाकीचा पोरगा तुमचा तुमच्याकडं ठेवा."

चुलते हसले. पण मी ते कधी हसण्यावारी नेलं नाही.

तेव्हा मुंबईच्या एका संगीत विद्यालयाची पदवी मिळे. परीक्षा घेणारे गावोगाव केंद्रावर येत. कर्जतच्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "पदवीचा कागद आण, जूनपासून मुलांना तबला शिकव. चौथी का सातवी, मी विचारणार नाही." माझा बा भाताच्या गिरणीत होता. गिरणीत एक तुसाची खोली असते. वरून पन्हळीतून तूस पडत राहतं आणि खाली एक माणूस नाकाला फडकं बांधून ते फावड्याने बाहेर ढकलत राहतो. तो थांबला तर खोली भरते. बा त्या खोलीत होता आणि आता त्याची छाती वाजायला लागली होती. त्याची जागा मी घ्यावी हे ठरलेलंच होतं. मी अडून बसलो तेव्हा तो म्हणाला, "शिमग्यापास्नं अक्षय तृतीयेपातूर तुला सोडला. पास झालास तर मास्तर. नाय तर गिरणी. मी शेठला सबूद दिलाय."

"आनि पास झालो तर सबूद?"

"तवा मी खोटा पडंन. पड पास."

असा तो एक शिमग्यापासून अक्षय तृतीयेपर्यंतचा हंगाम. माझ्या सगळ्या आयुष्यातून एवढाच तुकडा काढून दिला तरी मी ओळखीन.

सकाळी मी कोंडाणे गावाच्या बाजूने पायी निघायचो. डोंगराच्या अंगाला राबांचा धूर लोळत असायचा, पळस फुललेले असायचे, उल्हास नदी दगडांतून वाट काढत बारीक झालेली असायची. दुकानात पोचलो की मास्तर नुसतं म्हणायचे, "आत." दुकानामागे एक खोली होती. वर पत्रा, भिंतीला चिंध्यांची पोती, एक खिडकी, तिला गज. दार फळ्यांचं, त्याला बाहेरून कडी. मी आत गेलो की कडी लागायची.

"कडी कशाला मास्तर, मी काय चोर हाय?"

"तुझ्या हातांसाठी नाय रे बाबा. हात शहाणे हायेत. पाय बाजारात पळतात, त्यांच्यासाठी हाय ती."

बाहेर मास्तर मशीन मारायचे. कापड असो नसो, पाय चालू. सुई रिकामी वर-खाली व्हायची. त्या पायाच्या लयीवर मी आत एकेक बोल तासन् तास घोळवायचो. तासाने पाय एवढासा हळू व्हायचा, किंवा चढायचा. मी तसाच पुढे गेलो की बाहेरून आवाज यायचा, "कुठं निघालास?" दुपारी पत्रा तापला की तबल्याचं कातडं ताणलं जाऊन सूर चढायचा. मग हातोडी घेऊन तबल्याच्या अंगाचे लाकडी गट्टे ठोकून तो खाली आणायचा. पुन्हा चढायचा. मास्तर म्हणायचे, परीक्षेत सूर लावायला वेळ मोजून देतात, घामात बसून लावायला शीक. त्या खोलीत मी इतका घाम गाळला की पोत्यांतल्या चिंध्यांनाही माझा वास लागला असेल.

वाजवणं माझ्याकडे होतं. लिहिणं नव्हतं. परीक्षेत वाजवलेलं कागदावर लिहून दाखवायचं होतं, मात्रांच्या घरांत एकेक अक्षर बसवून. पाटी मला लहानपणीच नकोशी झाली होती. मास्तरांनी पाटी आणली नाही. एक जुना काळा कोट टेबलावर पसरला, हातात कापडावर खुणा करायचा खडू दिला आणि म्हणाले, "ह्याच्या पाठीवर लिही." मी लिहायचो, ते झटकायचे, पुन्हा लिहायचो. कोटाची पाठ पांढुरकी होऊन गेली.

एकदा मी वैतागून म्हणालो, "मास्तर, धा सगळीकडं सारखाच लिवायचा, पन वाजतो निराळा. मंग लिवून काय कळनार त्यांना?"

"परीक्षा घेणारा कानानं अधू असला तर? त्याला डोळ्यांनी दाखवायला नको?"

शिकवायची परीक्षा असायची, म्हणून मास्तर स्वतः शिकाऊ होऊन माझ्यापुढे बसायचे. डाव्या हाताच्या डग्ग्यावर मुद्दाम उजवा हात ठेवायचे. सांगितलेलं विसरायचे. "परत सांगा गुरुजी," म्हणायचे आणि मिशीत हसायचे. तिसऱ्या वेळी मी ओरडलो की लगेच मास्तर व्हायचे. "रागावलास. चार गुण गेले."

हे सगळं सुरू झालं त्या शिमग्याला मी घरी होतो, पण हात घरी नव्हते. ढोल वाजवायचा नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. ढोलाने बोटं जड होतात. आमच्या आळीत होळीचा ढोल गेली पाच वर्षं मीच वाजवत होतो. त्या वर्षी गणप्याने गळ्यात अडकवला. मी ओटीवर हात मांडीखाली घेऊन बसलो. हो, तेव्हापासूनची सवय आहे ही. गणप्या माझ्यासमोर येऊन मुद्दाम वाकडंतिकडं वाजवायला लागला.

"काय रं तबलजी, दर्ज्याकडं काजं करायला शिकतंस म्हनं? माझ्या सदऱ्याला दोन बटनं लाव की."

सगळी आळी हसली. आई घरात निघून गेली. गणप्याची लय सुटत होती आणि ती मला अंगात टोचत होती. उठून ढोल हिसकावला असता तर त्या दिवशी मी पुन्हा आळीचा झालो असतो. मी उठलो नाही. मास्तरांकडे गेलो की आळीतून तुटलेला, आळीत आलो की मास्तरांचा. दोन्हीकडे कडी होती.

पत्र्याच्या खोलीतली कडी मात्र मला एका दुपारी उघडता आली. दोन फळ्यांमध्ये फट होती. बोट बाहेर घालून वर उचलली की कडी निघायची. मी उचलली. दार बोटभर उघडलं. बाहेर मास्तर मशीनवर मान टाकून पेंगत होते, पाय चालूच होता. बाजारात उन्हात कुणी नव्हतं. नदी पाच मिनिटांवर. मी दार पुन्हा लावलं आणि फटीतून बोट घालून कडी होती तशी बसवली. मग आत येऊन वाजवत बसलो. तेव्हा मला याचा फार अभिमान वाटला. आज तेवढा वाटत नाही. आतून निघणारी कडी माणूस स्वतः लावून घ्यायला लागला की पुढे तो तेच करत राहतो.

आता भजनाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे चुलते भजनातले बुवा. आवाज खणखणीत, पण तालाचं भान कमी. अभंगात रंगले की ठरल्या जागी न येता आधीच येऊन थांबायचे, नाही तर उशिरा. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या पलीकडे पखवाज घेऊन बसायचो आणि बुवा जिथे येतील तिथे माझी थाप पडायची. आधी आले तर मी एक मात्रा गिळायची. उशिरा आले तर एक वाढवायची. देवळातल्या माणसांना वाटायचं, काय बुवा, काय बरोबर आले. हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. चुलते एकदाच बोलले होते. "गानारा पडला तर आपुन खाली गवत व्हायचं. आनि मंग कुनाला सांगायचं नाय, का बुवा पडला व्हता." भजनातल्या वाजवणाऱ्याची हीच लायकी धरत. जो गाणाऱ्याला पडू देतो, किंवा सांभाळून मागाहून सांगत फिरतो, त्याला दुसऱ्यांदा कुणी बोलवत नसे.

मास्तरांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर मी मशीनबरोबर वाजवायचो. मशीन कधी पडत नाही.

परीक्षेचं केंद्र खालापुरात होतं, कचेरीजवळच्या एका शाळेत. मास्तर आणि मी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून गेलो. तबला मांडीवर, डग्गा मास्तरांच्या मांडीवर. मोटार चढाला दोनदा थांबली, उतारू खाली उतरून ढकलायला लागले. मास्तरांनी मला ढकलू दिलं नाही. "हात," म्हणाले आणि स्वतः ढकलायला गेले.

दोन परीक्षक होते. एक जाड भिंगांचे, लिहून घेणारे. दुसरे बारीक, डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजणारे. माझं एकल वादन झालं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. सूर मी दिलेल्या वेळेच्या आत लावला. बोल टाळी देत तोंडाने म्हणून दाखवले. लिहायला लागलो तेव्हा कागद मला फार पांढरा वाटला, पण घरं चुकली नाहीत. एका शिपायाला बसवून त्याला पहिला बोल शिकवला, त्याने डग्ग्यावर उजवा हात ठेवला तेव्हा मला हसू आलं आणि मी रागावलो नाही. बारीक परीक्षक मान हलवताना मी पाहिले. दाराबाहेर मास्तर उभे होते, त्यांनाही ते दिसलं. त्यांनी फीत गळ्यातून काढून खिशात ठेवली.

शेवटी साथ. गाण्याच्या पदवीला बसलेल्या मुलीला मी साथ करायची, म्हणजे दोघांचीही परीक्षा एकदम होईल. मुलगी खालापूरच्या एका कारकुनांची, कुसुम नावाची. मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. लोकांना अशा ठिकाणी भलतंच सुचतं म्हणून सांगतो, तसलं काही नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. गाणाऱ्याच्या गळ्याकडे पाहायचं असतं.

तीनताल. सोळा मात्रांचं चक्र. फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचं, तिला सम म्हणतात. गाणारा कुठेही हिंडो, समेवर दोघांनी एकत्र यायचं. कुसुम चांगलं गात होती. मग तिने एक लांब तान घेतली, वरून खाली येणारी, आणि मला दोन मात्रा आधीच कळलं की ही लवकर येते आहे. एक मात्रा लवकर. पंधराव्या मात्रेवर तिची तान संपणार होती आणि सोळाव्याला ती समेचं अक्षर उच्चारणार होती.

मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. हात गेला. सोळावी मात्रा मी गिळली आणि तिच्या अक्षराखाली माझा धा बरोबर बसला. इतका बरोबर की जाड भिंगांचे परीक्षक वा म्हणाले. कुसुम पुढे गात राहिली. तिला कळलंच नाही.

बारीक परीक्षकांनी डोळे उघडले. त्यांचा अंगठा पेरावर थांबला होता. गाणं संपेपर्यंत ते थांबले आणि मग मला म्हणाले, "एक आवर्तन पंधरा मात्रांचं झालं. मात्रा कुठे गेली?"

ताल माझ्या हातात होता. गाणारी माझ्याबरोबर समेवर आली होती. पंधरा झाल्या तर खाणारा मी, हाच हिशोब. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. ही आधी आली, मी सांभाळली. पण ती शेजारीच बसली होती, तंबोरा छातीशी धरून, आणि माझ्याकडे काळजीने पाहत होती. माझ्याच काळजीने. बाहेर तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. आणि मला आमच्या देवळातला नियम सोडून दुसरा नियम माहीत नव्हता.

"बोल. चुकून गेली की मुद्दाम?"

मी डग्गा उगाच सरळ केला.

"मुद्दाम असेल तर कारण सांग. कारण सांगता आलं तर विचार करू."

त्यांनी दार उघडून धरलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी तबल्याच्या मधल्या काळ्या शाईकडे पाहत राहिलो आणि म्हणालो, "गेली."

सगळ्या विषयांत पास आणि साथीत नापास, म्हणजे सगळ्यातच नापास. तसा नियम होता. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. त्यांनी मला आत पाठवलं नाही, पुढेच बसवलं. मशीनला कापड न लावता पाय मारायला लागले आणि म्हणाले, "वाजव." मी वाजवत राहिलो. किती आवर्तनं झाली असतील कोण जाणे, ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि पुन्हा बाहेर गेलं. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. मास्तरांनी पाय थांबवला.

"मंग तिथं काय झालं?"

मी काही बोललो नाही.

"दाराची कडी मी लावली व्हती," ते म्हणाले. "ही तोंडाची कुणी लावली?"

मग म्हणाले, "पुढच्या साली परत बस. फक्त साथीलाच बसायचं हाय."

मी बसलो नाही. पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्या साली नाही. परत बसणं म्हणजे त्या वेळी चुकलो होतो हे सही करून देणं. मी चुकलो नव्हतो. मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः आमच्या ओटीवर आले, चहा प्याले आणि डग्गा-तबला ठेवून निघून गेले. जाताना बाला म्हणाले, "तुमचा पोरगा लाकूड हाय. पण वाजणारं लाकूड हाय." बा म्हणाला, "आमाला माहित हाय ते."

अक्षय तृतीयेला मी नाकाला फडकं बांधून तुसाच्या खोलीत उतरलो. बाचा सबूद खरा झाला. तो मात्र त्या दिवशी माझ्याकडे पाहून जेवला नाही.

बत्तीस वर्षं मी गिरणीत काढली. तूस पडतं तेव्हा त्याचा आवाज पावसासारखा येतो असं कुणी म्हणेल, तर ते बाहेर उभं राहून म्हणणारे. आत नुसता आवाज नसतो, ते कानात भरतं. इंजिनाच्या पट्ट्याला एक सांधा होता, तो चाकावरून गेला की टप्पकन वाजायचा. मी सोळा सांध्यांचं एक आवर्तन धरायचो. फावडं समेवर. कधी सांधा सैल झाला की लय ओढायची, आणि फावडं आपोआप थांबून वाट पाहायचं. यंत्रालासुद्धा सांभाळणारा माझा हात. मी त्याच्यावर चिडायचो आणि तो ऐकायचा नाही.

कुसुम मला एकदा भेटली. पुष्कळ वर्षांनी, चौक गावी एका लग्नात. मुलींच्या शाळेत गाणं शिकवते असं तिच्याबद्दल ऐकून होतो. मांडवात सनई थांबली होती, मी बाकावर बोटं हलवत बसलो होतो. चष्मा लावलेली एक बाई समोर उभी राहिली.

"तुम्ही खालापूरच्या परीक्षेला होता ना? माझ्या साथीला?"

"व्हतो."

"तुमची ती मात्रा हुकली होती," ती अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली. "मला फार वाईट वाटलं होतं हो. इतकं छान वाजवत होतात. मी माझ्या मुलींना अजून सांगते, नुसती तयारी असून भागत नाही, लक्ष पाहिजे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. मी म्हणालो, "बराबर हाय. लक्ष पायजे." ती गेल्यावर मी लाडू खाल्ला. तो संपेपर्यंत मला बराच वेळ लागला.

घरी येताना मला राग आला होता, पण तो कुणाचा ते कळेना. तिचा म्हणावा तर तिने काय केलं. मी ठेवलेलं गवत तिला लागलंच नव्हतं.

परवा दीपाली म्हणाली, "आबा, कॉलेजचा तबलजी नाहीये इथं. वाजवाल का माझ्याबरोबर?" मी नाही म्हणणार होतो. पण बाहेर राब पेटलेले होते आणि हात आधीच हो म्हणाला होता. मी मास्तरांचा तबला काढला, पुसला, हातोडीने लावला. तिने तंबोऱ्याशेजारी टेप ठेवला. ती आपलं गाणं टेप करते आणि मग कागदावर चुका लिहीत ऐकते. आपल्याच चुका लिहून ठेवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ती गायली. गळा चांगला आहे, मी आजोबा म्हणून सांगत नाही. एका तानेत ती घाईने खाली आली, एक मात्रा आधी, आणि माझा हात गेला. धा बरोबर बसला. ती हसली आणि पुढे गेली.

मग टेप मागे घेऊन ती ऐकायला बसली, बोटांवर मोजत. एका जागी थांबली. पुन्हा ऐकलं.

"आबा, रागावू नका हं. इथं तुमची एक मात्रा गेली. पंधराच भरतात."

घरात राबाचा धूर आला होता. खालापूरची ती शाळा, बोटाच्या पेरावर थांबलेला तो अंगठा. मी पुन्हा तिथेच बसलो होतो, फक्त समोर आता माझीच नात होती.

"असंल," मी म्हणालो. "परत घे."

तिने तीच तान घेतली आणि तशीच घाईने आली. या वेळी मी हात धरून ठेवला. सोपं नव्हतं ते. उतारावर गाडीच्या चाकाला उटीचा दगड लावल्यासारखा दंड भरून आला. ती समेवर एकटी पडली. माझा धा तिच्यामागून, आपल्या जागेवर, सोळा पुऱ्या करून आला.

दीपालीने टेप मागे घेतला आणि आधीचं ऐकलं. मग आताचं. मग पुन्हा आधीचं. मी हातोडी घेऊन उगाच गट्टे चाचपत होतो.

"म्हणजे मघाशी मीच..." ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे कळलेली ती पहिली. वाटलं, आता ती काही गोड बोलेल. त्या भिंतीवरच्या कागदातली शेवटची ओळ मला वाचून दाखवेल. मी त्याची वाट पाहत होतो, हे लपवत नाही.

"असं परत करू नका आबा."

"काय?"

"मला सांभाळू नका. मैफलीत सांभाळा, लोक असतील तेव्हा. पण मग मला सांगा तरी. मी चुकले हे मला कळायला नको?"

मला लागलं ते. हातोडी तशीच हातात राहिली. चौकच्या मांडवातली चष्मेवाली बाई दिसली, आपल्या मुलींना आयुष्यभर लक्ष द्यायला सांगणारी. तिला तिची तान घाईची आहे, हे कधी कुणी सांगितलं असेल का? परीक्षकांसमोर नाही, वडिलांसमोर नाही, पण मागाहून, शाळेच्या पायरीवर, एकटीला? मी सांगू शकलो असतो. चुलत्यांनी कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं. पण त्यात गाणारा धरला होता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता ते नाहीत.

"घेऊ परत?" दीपालीने विचारलं.

"घे."

तिसऱ्यांदा ती आली. जवळजवळ बरोबर, तरी थोडी आधीच. मी हात सोडला नाही आणि तोंडही धरून ठेवलं नाही.

"चुकलीस."

"कुठं?"

"पंधराव्यावर. तिथं दम धर."

तिने मान हलवली, पेन्सिलीने कागदावर काहीतरी खूण केली आणि तंबोरा छेडून पहिल्यापासून गायला लागली. एवढंच. ती रडली नाही, कुणी नापास झालं नाही, धूर होता तसाच अंगणात बसून होता. मी ठेका धरला. एका शब्दाचं काम होतं ते.